डंकावरची वही आणि हातातला फोन

आमच्या डंकावर, म्हणजे मिरची-मसाला कुटून द्यायच्या यंत्रावर, वजनकाट्याला एक दोनशे पानी वही दोऱ्याने बांधलेली आहे. हिशेबाची वही वेगळी, ही विचारण्यांची. मार्च-एप्रिलमध्ये ठाण्यातल्या आमच्या गल्लीत सकाळी सातपासून मिरच्यांच्या पिशव्या रांगेला लागतात, आणि पिशव्यांमागची माणसं नंबर येईपर्यंत काही ना काही विचारत असतात. किलोभर मिरचीला सामान किती घालायचं? नुसती ब्याडगी घेतली तर चालेल का? फ्लॅटमध्ये ऊन येत नाही, मिरच्या कुठे वाळवू? तुम्ही रंग टाकता का हो? कानावर पडेल ते आम्ही वहीत उतरवतो. तोच प्रश्न पुन्हा आला की त्याच्यापुढे एक रेघ ओढतो.

धंद्यासाठी व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम वगैरे कसं सांभाळायचं, असं हल्ली मला बरेच जण विचारतात. समोरची ब्लाउज शिवणारी ताई, कोपऱ्यावरचे चष्मेवाले काका, माहेरी लाडू-चिवड्याच्या ऑर्डरी घेणारी माझी वहिनी. सगळ्यांना मी आधी ही वही दाखवते आणि सांगते, फोन हातात घ्यायच्या आधी महिनाभर वही धरा. जे उत्तर तुम्ही दुकानात दिवसातून दहा वेळा देता, तेच फोनवर एकदा नीट मांडलंत की काय टाकू, काय लिहू हा प्रश्न उरत नाही.

वही सुरू झाली ती २०२० साली. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागली. मसाल्याचा धंदा तीन महिने कमावतो आणि नऊ महिने त्यावर खातो, त्यातला ऐन हंगामच बंद. सासूबाईंकडे गिऱ्हाइकांचे नंबर होते, पण कॅलेंडरच्या मागच्या पानांवर आणि लग्नपत्रिकांच्या पाठीवर. लोकांचे फोन यायचे, ‘मसाला संपलाय, काही सोय होईल का?’ मी ते नंबर एकेक करून फोनमध्ये भरले आणि कोण काय विचारतंय ते लिहायला लागले. पुढे थोडी मोकळीक मिळाल्यावर तयार मसाल्याची पहिली चाळीस पाकिटं त्या यादीतल्या माणसांकडेच गेली. तोवर आम्ही फक्त गिऱ्हाइकाचा माल कुटून देत होतो. तयार मसाला अर्ध्या किलोच्या पाकिटात विकायची सुरुवात तिथून झाली.

त्यानंतरच्या वर्षी आम्ही काम एका एजन्सीला दिलं, महिन्याला आठ हजार रुपये. त्यांनी दर सणाला आणि दर ‘दिना’ला शुभेच्छांची चित्रं टाकली. मसाल्याचे फोटो होते तेही इंटरनेटवरून घेतलेले, चकचकीत लाकडी वाट्यांमधले. आमच्या डंकावरचं त्यात काहीच नव्हतं. फॉलोअर वाढले, पण उघडून बघितलं तर बहुतेक परराज्यांतले. चार महिन्यांत त्या पानावरून एकही पिशवी रांगेला लागली नाही. सोडायचं ठरवल्यावर कळलं की पानाचा ताबा त्यांच्याच खात्यावर आहे. तो परत मिळवायला दीड महिना गेला, आणि तो दीड महिना एप्रिल-मेचा होता. हे मी आजही विसरलेले नाही. म्हणून पहिलाच नियम सांगते: फेसबुकचं पान, इन्स्टाग्रामचं खातं, जाहिरातीचं खातं, गूगलवरची नोंद, सगळं स्वतःच्या नंबरावर आणि स्वतःच्या ईमेलवर उघडा. मदतीला कोणी घेतलंच तर त्यांना काम करण्यापुरताच प्रवेश द्या. फेसबुकच्या सेटिंगमध्ये पूर्ण ताबा कोणाला आणि नुसती कामं कोणाला, हे वेगवेगळं देता येतं.

वहीतून पोस्ट कशी निघते

महिना संपला की ज्यांच्यापुढे जास्त रेघा आहेत असे दहा प्रश्न वेगळे काढायचे. दहा प्रश्न म्हणजे दहा पोस्ट. प्रश्न गिऱ्हाइकाने विचारला त्याच शब्दांत वर लिहायचा आणि खाली आपण काट्यावर बसून देतो तसं उत्तर. ‘आम्ही गुणवत्तापूर्ण उत्पादने देतो’ असं दुकानात कोणी कोणाशी बोलत नाही, मग फोनवर तरी कशाला लिहायचं? माझी सासू म्हणते, ‘मिरची कोरडी आणा, ओली आणलीत तर मसाल्याला जाळी धरेल.’ हे वाक्य जसंच्या तसं आमच्या एका व्हिडिओवर आहे.

सगळ्यात जास्त रेघा ‘रंग टाकता का’ या प्रश्नापुढे होत्या. ‘नाही टाकत’ एवढं म्हणून कोणाचं समाधान होत नाही, म्हणून करून दाखवलं. काचेचा ग्लास, त्यात पाणी, वरून चिमूटभर तिखट भुरभुरायचं. कृत्रिम रंग मिसळलेला असेल तर रंगाच्या रेघा लगेच पाण्यात खाली उतरू लागतात. ही चाचणी मी शोधलेली नाही. भेसळ घरी ओळखण्यासाठी एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, ज्या साध्या चाचण्या दिल्या आहेत त्यातलीच ही एक. मी नुकतंच कुटलेलं तिखट डंकातून थेट घेतलं आणि सगळं एका दमात, मध्ये कुठेही न तोडता चित्रित केलं. न तोडणं महत्त्वाचं, कारण बघणारी बाई हुशार असते. मध्ये तुकडा जोडलेला दिसला की तिला शंका येणारच.

दुसरा प्रश्न घोडबंदर रोडच्या टॉवरवाल्यांचा. सोसायटीच्या गच्चीला कुलूप, बाल्कनीत ऊन दोन तास, मिरच्या वाळवायच्या कशा? आम्हाला याचं उत्तर येत नव्हतं, आमच्या चाळीला अंगण आहे. ते वाघबीळहून येणाऱ्या एका काकूंनी दिलं. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर त्यांनी जुनी सुती साडी ताणून बांधली होती आणि तिच्यावर मिरच्या पसरल्या होत्या. खालूनही वारा लागतो, त्यामुळे थोड्या उन्हातही काम होतं. मी त्यांना विचारून त्यांच्या बाल्कनीत जाऊन व्हिडिओ केला, फक्त हात आणि स्टँड दाखवून. शेवटी त्यांनी एक मिरची घेऊन कानाजवळ मोडली, कट्टकन आवाज आला. मिरची वाळली की नाही हे ओळखायची ती खूण. तो व्हिडिओ लोकांनी आपापल्या सोसायटीच्या ग्रुपमध्ये टाकला, आणि त्या हंगामात मानपाडा, पातलीपाडा, कासारवडवली अशा भागांतून पहिल्यांदाच माणसं आमच्याकडे कुटायला आली.

तिसरा प्रश्न प्रमाणाचा. सासूबाईंना वाटत होतं, सामानाची यादी उघड दिली तर लोक येतील कशाला? दोन दिवस आमचं बोलणं चाललं. शेवटी ठरलं की घरगुती मसाल्याची यादी पूर्ण द्यायची. धणे, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, चक्रफूल, मसाला वेलची, हळकुंड, सगळं किलोच्या हिशेबाने, आणि काय भाजायचं, कशाला नुसतं ऊन दाखवायचं तेही. पाकिटातल्या आमच्या मसाल्याचं प्रमाण तेवढं आमच्याकडे. यादी टाकल्यावर लोक तीच यादी फोनवर उघडी ठेवून जांभळी नाक्यावर सामान घ्यायला जायला लागले आणि तिथून पिशवी घेऊन सरळ आमच्याकडे.

तुमचा धंदा वेगळा असेल, प्रश्न वेगळे असतील. चष्मेवाल्या काकांच्या वहीत पहिल्याच आठवड्यात पंधरा रेघा ‘काचेवर ओरखडे कशाने पडतात’ याच्यापुढे पडल्या. त्यांनी पदराने चष्मा पुसणाऱ्या हाताचा वीस सेकंदांचा व्हिडिओ केला. त्यांना दुसरं काही सुचवायची वेळच आली नाही.

आधी व्हॉट्सअॅप, मग गूगल, मग इन्स्टाग्राम

हा क्रम आमच्या धंद्याचा. ज्यांचं काम डोळ्यांनी निवडलं जातं, म्हणजे ब्लाउज, मेंदी, केक, रांगोळी, त्यांनी इन्स्टाग्राम आधी घ्यावं. ज्यांची गरज अचानक पडते, म्हणजे नळ गळतो, वीज जाते, त्यांनी गूगल. सगळीकडे एकदम उभं राहू नका. एक जागा नीट झाडून-पुसून ठेवता आली की मग दुसरी.

व्हॉट्सअॅपचं धंद्यासाठीचं वेगळं अॅप आहे, व्हॉट्सअॅप बिझनेस. ते फुकट आहे. घरचा नंबर त्याला देऊ नका. आमच्या दुकानाच्या पाटीवर जुना लँडलाइन नंबर आहे, लोकांना तो पाठ आहे. तोच नंबर आम्ही जोडला. मेसेजऐवजी फोन करून कोड सांगण्याची सोय असते, त्यामुळे लँडलाइनही चालते.

त्यात कॅटलॉग भरा. प्रत्येक वस्तूचा स्वतः काढलेला फोटो, वजन आणि किंमत. किंमत लिहाच. ‘किंमतीसाठी मेसेज करा’ हे मला अजिबात पटत नाही. दुकानात शिरलेल्या माणसाला आपण भाव सांगतो, मग फोनवर त्याला का ताटकळत ठेवायचं? खाद्यपदार्थ असेल तर पाकिटाच्या मागच्या बाजूचाही फोटो द्या, ज्यावर घटक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, मुदत आणि एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक असतो. आमच्याकडे तो फोटो बघून ‘बरं झालं दिलात’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणी आहेत.

झटपट उत्तरांची सोय वापरा. तिरकी रेघ आणि एक शब्द टाइप केला की ठरवलेला मजकूर पुढे येतो. आमच्याकडे ‘पत्ता’, ‘भाव’, ‘यादी’ आणि ‘वेळ’ अशी चार आहेत. हंगामात हाताला तिखट लागलेलं असतं, लांबलचक टाइप करणं शक्य नसतं. त्यासोबत लेबलंही लावा: नवी ऑर्डर, पैसे यायचे आहेत, पैसे आले, माल गेला. रात्री दुकान बंद करताना ‘पैसे यायचे आहेत’ हे लेबल उघडलं की उधारी समोर येते.

आता ब्रॉडकास्ट लिस्टबद्दल, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीबद्दल, कारण इथे सगळे चुकतात. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून काट्यावर पैसे घेताना माझी पुतणी प्रत्येकाला सांगते, ‘काकू, नंबर सेव्ह करून ठेवा, मसाला डंक म्हणून. हंगाम सुरू झाला की कळवते, चालेल ना?’ हो म्हणाल्या तरच नाव यादीत. आम्ही वर्षातून पाच-सहाच मेसेज पाठवतो: डंक सुरू झाला, भाव बदलला, पावसाआधीचे शेवटचे दहा दिवस, गणपतीआधी गोडा मसाला, दिवाळीआधी भाजणी. रोज सुप्रभात पाठवणाऱ्याचा नंबर लोक ब्लॉक करतात, आणि त्यानंतर कामाचा मेसेजही पोचत नाही. ग्रुप तर काढूच नका. ग्रुपमध्ये एकीचा नंबर दुसऱ्या सगळ्यांना दिसतो. तो आपल्याकडे विश्वासाने दिलेला असतो.

स्टेटसचा उपयोग मात्र रोज होतो. सकाळी सव्वासातला रांगेचा फोटो, चेहरे न दाखवता फक्त पिशव्या, आणि खाली ‘आत्ता दिलेला माल दुपारी चारला मिळेल’. मुलुंडहून किंवा कळव्याहून पाच किलो मिरच्या घेऊन निघणाऱ्या बाईला एवढीच माहिती हवी असते. आमच्याकडे यावर जितका विश्वास बसलाय तितका कुठल्याही सुंदर व्हिडिओवर बसलेला नाही.

गूगलबद्दल थोडक्यात. ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ फुकट आहे. नकाशावरची खूण स्वतः दारात उभं राहून तपासा. आमची खूण मागच्या गल्लीत पडली होती, रिक्षावाले लोकांना तिकडेच उतरवत होते. गल्लीच्या तोंडाचा, पाटीचा आणि दाराचा फोटो टाका. हंगामाची वेळ आणि पावसाळ्याची वेळ बदलत जा. अभिप्राय मागा, पण त्याच्या बदल्यात सूट किंवा भेट देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. वाईट अभिप्राय आला तर त्याच दिवशी उत्तर द्या. एकदा एकीने लिहिलं, मसाला कडू झाला. मिरच्या त्यांनी घरून भाजून आणल्या होत्या आणि थोड्या करपल्या होत्या. ते तसं जाहीर लिहिलं असतं तर चारचौघांत त्यांची चूक काढल्यासारखं झालं असतं. मी दोन ओळी लिहिल्या, ‘तुम्हाला त्रास झाला याचं वाईट वाटलं, मी आज फोन करते.’ फोनवर बोललो, त्यांना पाव किलो नवा मसाला दिला. पुढच्या वर्षी त्या जावेलाही घेऊन आल्या.

व्हिडिओ काढताना

इन्स्टाग्रामचं खातं प्रोफेशनल करून घ्या, त्याशिवाय सविस्तर आकडे दिसत नाहीत. वर तीन पोस्ट पिन करता येतात. आमच्या तीन ठरलेल्या: भाव, पत्ता आणि ‘कुटायला आणताना काय काळजी घ्यायची’.

आमच्याकडे सकाळी आठ ते साडेनऊ दारातून तिरका उजेड येतो. तेव्हा मिरचीचा खरा लाल रंग दिसतो. ट्यूबलाइटखाली तोच मसाला विटकरी दिसतो. फोन पारदर्शक पिशवीत घालून फक्त कॅमेऱ्यापुरतं भोक ठेवतो, कारण तिखटाची धूळ स्पीकरच्या जाळीत बसते. दर वेळी लेन्स मऊ कापडाने पुसायची. फोन उभा धरायचा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत जे दाखवायचंय तेच दाखवायचं: मोडलेली मिरची, उखळात पडणारं मुसळ, चाळणीतून पडणारा मसाला. नाव आणि नमस्कार नंतर. मराठी अक्षरं पडद्यावर द्या, कारण लोकलमध्ये उभ्याने बघणारी माणसं आवाज बंद ठेवूनच बघतात.

सिनेमाची गाणी लावू नका. धंद्याच्या खात्याला बहुतेक लोकप्रिय गाणी वापरायची परवानगी नसते, व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो. आमच्या डंकाचा धप-धप आवाज आहे, त्याहून चांगलं काय मिळणार? एका आजींनी लिहिलं होतं की त्या आवाजाने त्यांना माहेरची आठवण झाली. तुमच्याकडे शिवणयंत्राचा आवाज असेल, कढईतला तळणाचा असेल. तोच ठेवा.

आमच्याकडे काम करणाऱ्या तिघी आहेत. दोघींची हरकत नाही, तिसरी म्हणाली, ‘ताई, गावाकडे सासरच्यांना नको दिसायला.’ तिचा चेहरा आमच्या एकाही व्हिडिओत नाही, कधी येणारही नाही. कामाला ठेवलं म्हणजे चेहरा वापरायचा हक्क मिळाला असं नव्हे. आधी विचारायचं, आणि नाही म्हटलं की त्यावर पुन्हा बोलायचं नाही.

मिरची भाजतानाच्या ठसक्याचा एक व्हिडिओ आमचा खूप पसरला. लाखाच्या वर लोकांनी बघितला, खाली परप्रांतातल्या लोकांच्या गमतीच्या कमेंट. त्यातून आलेल्या ऑर्डरी चार. साडीवरच्या मिरच्यांचा व्हिडिओ फार तर सहा हजार लोकांनी बघितला आणि त्याने आमचा हंगाम भरला. तेव्हापासून मी किती बघितलं याकडे कमी आणि किती जणांनी सेव्ह केलं, किती जणांनी पुढे पाठवलं, त्याकडे जास्त बघते. शेवटचा आकडा पुन्हा वहीतच: नवीन माणूस आला की ‘कुठून कळलं?’ विचारायचं आणि लिहायचं.

हंगामात व्हिडिओ बनवायला वेळ नसतो, पण काढायला दोन मिनिटं असतात. म्हणून मार्च ते मे नुसतं काढून ठेवायचं आणि पावसाळ्यात वापरायचं. जूनमध्ये बरणीत हिंगाचे खडे कसे ठेवायचे, जुलैमध्ये ओला चमचा का घालायचा नाही, भाद्रपदाआधी गोडा मसाला. पुतणी रविवारी दुपारी तासभर बसून मेटा बिझनेस सूटमध्ये, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्ट सांभाळायच्या अॅपमध्ये, पंधरा दिवसांच्या पोस्ट वेळ लावून ठेवते. रोजची उत्तरं द्यायला दिवसाला चाळीस मिनिटं पुरतात: वीस सकाळी, वीस रात्री. तेवढी तरी द्याच. सकाळी विचारलेल्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी दिलंत तर ती बाई तोवर दुसरीकडे कुटून मोकळी झालेली असते.

जाहिरातीला पैसे घालण्याआधी

वहीतल्या पोस्टपैकी जी फुकटात चालली तिलाच पैसे लावा. जी कोणी पुढे पाठवली नाही ती पैसे लावूनही चालत नाही, हे मी दोनदा करून बघितलंय.

दुसरं, जागा. जाहिरातीत नकाशावर पिन टाकून भोवती वर्तुळ आखता येतं. मी आधी स्टेशनभोवती मोठं वर्तुळ टाकलं. ते वर्तुळ सरळ अंतर मोजतं, त्याला खाडी आणि जंगल कळत नाही. निम्मे पैसे खाडीपलीकडच्या ऐरोलीत आणि इकडे भांडुपपर्यंत गेले, आणि घोडबंदरची माझी माणसं बाहेरच राहिली. आता दोन छोटी वर्तुळं टाकते, एक नौपाडा-पाचपाखाडीवर आणि एक मानपाडा-वाघबीळवर. जाहिरातीवर दाबलं की थेट व्हॉट्सअॅप उघडेल असा पर्याय निवडते. रोजचे दीडशे रुपये, दहा दिवस. वर १८ टक्के जीएसटी लागतो, तो हिशेबात धरा. गेल्या हंगामात अशा एका जाहिरातीतून बावीस जणींनी विचारलं, नऊ जणी माल घेऊन आल्या, त्यातल्या चौघींनी तयार पाकिटंही नेली. आम्हाला ते परवडलं. आणि डंक दिवसाला जेवढं कुटू शकतो तेवढा माल यायला लागला की जाहिरात त्याच दिवशी बंद करते. रांगेत चार तास थांबलेली बाई पुढच्या वर्षी येत नाही.

खाण्याचे व्हिडिओ करणारे लोक फुकट माल मागतात. एकीला आम्ही दोन किलो दिला, अट एकच, माल फुकट मिळालाय हे तिने व्हिडिओत स्पष्ट सांगायचं. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आणि त्या नसत्या तरी मी हेच म्हटलं असतं. तसंच आपल्या मालाने मधुमेह जातो, गुडघे बरे होतात, असं कधी लिहू नका. मसाला हा मसाला आहे.

फसवणूक

पान थोडं दिसायला लागलं की ही माणसं येतातच. ‘सैन्यातून बोलतोय, वीस किलो मसाला हवा, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा.’ पैसे घेण्यासाठी स्कॅनही करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, एवढं घरातल्या प्रत्येकाला पाठ करून घ्या. मी हे सासूबाईंना, पुतणीला आणि काम करणाऱ्या तिघींनाही शिकवलंय. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आला तर आपल्या बँकेत रक्कम दिसल्याशिवाय माल द्यायचा नाही. ‘तुमच्या पानाने कॉपीराइट मोडलाय, चोवीस तासांत बंद होईल, इथे दाबा’ असे मेसेज खोटे असतात. दाबलंत तर खातं जातं. व्हॉट्सअॅपला सहा अंकी पिन आणि इन्स्टाग्रामला दोन टप्प्यांची सुरक्षा आजच लावा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

मिरचीचा भाव वाढला की आमच्याकडे सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, गिऱ्हाइकाच्याही. आम्ही तो लपवत नाही. भाव वाढवायच्या आठ दिवस आधी सासूबाई बाजारातल्या पोत्याशेजारी उभ्या राहून आवाज रेकॉर्ड करतात, मागच्या वर्षी काय भावाने घेतली आणि या वर्षी काय भावाने. त्यांना लिहायला आवडत नाही, पण बोलतात छान. त्या आवाजाखाली कोणी घासाघीस केलेली मला आठवत नाही.

या आठवड्यात वहीत एक नवा प्रश्न आलाय, ‘देठ काढून द्याल का?’ सोमवारपासून आजपर्यंत अकरा रेघा. बहुतेक विचारणाऱ्या नोकरी करणाऱ्या, रविवारीच मोकळ्या असणाऱ्या. देठ काढायला किलोला किती वेळ लागतो ते आज आम्ही घड्याळ लावून बघितलं. काम करणाऱ्या तिघींशी बोलून किलोमागे त्यांना किती द्यायचे तेही ठरवलं. उद्या सकाळी आठच्या उजेडात त्याचा व्हिडिओ काढायचा आहे.